रात्रीच्या भाकऱ्या कुणासाठी?

"ताई, मोडी वाचणारं कुणी हाय का तुमच्या वळखीत?"

सकाळी साडेदहाला, कुकर उतरवल्यावर आणि बाई भांड्याला यायच्या आधी, शेजारच्या वहिनी असे प्रश्न टाकतात. आमच्या पंतनगरात तळमजल्यावाल्यांनी मागच्या दारी हातभर जागा तारेचं कुंपण घालून आपलीशी केलेली असते. म्हाडाच्या नकाशात ती नाही, पण कढीपत्ता, तुळस आणि अख्ख्या बिल्डिंगची बित्तंबातमी तिथंच पिकते. आता इमारत पुनर्विकासात गेली आहे, सह्या झाल्या आहेत आणि जो तो माळे उपसत बसला आहे. मला वाटलं, वहिनींच्या माळ्यावर काही सापडलं असणार.

"माळ्यावर कुठलं! माळ्यावर झुरळं अन् ह्यांची कॉलेजातली गाइडं. आमचे धाकले दीर गावाकडं कुणबी नोंद हुडकाय गेलते, त्यांनी फोटो धाडलाय मोबाइलवर. त्यांना पायजे होते पणजोबा, अन् सापडले आजोबा. तेबी पोलिसाच्या कागदात!"

२०२३ साली मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती बसली आणि तालुक्या-तालुक्याच्या रेकॉर्ड रूममधली धूळ अचानक उडायला लागली. मोडी वाचणाऱ्यांना जे दिवस आले आहेत ते पेशवाई बुडाल्यानंतर पहिल्यांदाच. दीर बिचारे कोतवाल बुकात जन्मनोंद शोधत होते आणि कारकुनाने भलतंच बाड पुढ्यात टाकलं. त्यात १९४३ सालचा जप्तीचा पंचनामा, फरारी इसमाच्या घराचा. फरारी इसम म्हणजे वहिनींचे आजेसासरे.

"मग आता म्हाडाच्या लॉटरीत स्वातंत्र्यसैनिकांच्या राखीव गटातून फॉर्म भरायचा का?" मी म्हटलं.

"चेष्टा करा तुम्ही. पण घरात सत्तर-ऐंशी वर्षं नुसतं बोलणंच होतं, ताई. आजोबा नाना पाटलांच्या माणसांत होते, आजोबा नाना पाटलांच्या माणसांत होते. पोरं हसायची. पुरावा काय, तर काय न्हाई."

पोरांचं तरी काय चुकलं? घाटकोपर, विक्रोळी, भांडुप या पट्ट्यात सातारा-सांगलीकडचं दर दुसरं घर हेच सांगतं. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडवली. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ म्हणून ओळखले गेलेले रामचंद्र श्रीपती लाड त्यात पुढे होते. रुळांवर मोठमोठे दगड रचून गाडी थांबवली होती म्हणतात. आज जितके नातू आपला आजोबा तिथं होता असं सांगतात, तितके आजोबा खरोखर जमले असते तर दगडांची गरजच पडली नसती. पुढच्या वर्षी १४ एप्रिलला धुळ्याकडं चिमठाण्याला सरकारी खजिन्याचे साडेपाच लाख उचलले, त्याचंही तेच. लग्नात जेवायला बसलेल्यांपेक्षा जेवलो म्हणणारे जास्त.

हे मी बोलून दाखवलं नाही. वहिनी तांदूळ निवडत होत्या आणि सूप त्यांच्या हातात होतं.

तेवढ्यात वरून आवाज आला, "मोडी मला येतं गं."

पहिल्या मजल्यावरच्या आजी. मूळच्या पार्ल्याच्या, निवृत्त शिक्षिका, वय नव्वदीच्या अलीकडं-पलीकडं. गॅलरीत बसून खालचं सगळं ऐकतात आणि ऐकलं नाही असं दाखवत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. काठी टेकत खाली आल्या, मी प्लॅस्टिकची खुर्ची दिली आणि कुंपणाच्या या बाजूला आमची बैठक बसली.

"कागद मागाहून बघू," आजी म्हणाल्या. "आधी मला सांग, तुझे आजेसासरे पकडले गेले होते का?"

"न्हाई ना! सापडलेच न्हाईत शेवटपर्यंत." वहिनींच्या आवाजात अभिमान होता.

"मग त्यांचं नाव यादीत असायचं कसं? माझ्या वडिलांचं बघ."

पार्लेकर आजींच्या वडिलांचं आम्हाला पाठ आहे, पण त्या दिवशी ते नव्यानं ऐकलं. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात विलेपार्ल्याला छावणी पडली होती. जमनालाल बजाज तिचे प्रमुख, किशोरलाल मशरूवाला, स्वामी आनंद असे लोक तिथं. जुहूच्या पाण्याचं मीठ करायचं, कायदा मोडायचा आणि पोलीस येईपर्यंत थांबायचं. बजाजांना एप्रिलमध्येच उचललं. मग मे-जूनमध्ये वडाळ्याच्या मिठागरांवर धाडी पडल्या. १ जूनच्या धाडीला तर हजारोंनी माणसं लोटली होती. आजींचे वडील त्या गर्दीतले एक. तुरुंगात जागा पुरेना, तेव्हा वरळीच्या बीडीडी चाळींचाच तात्पुरता तुरुंग केला होता. त्या चाळीही आता पुनर्विकासात गेल्या, ही एक गंमत.

"माझ्या वडिलांचा सजेचा कागद आहे माझ्याकडे. नाव, बापाचं नाव, वय, धंदा, खूण म्हणून डाव्या भुवईवरचा व्रण. आत जाताना वजन १०९ पौंड, सुटताना १०१. अगं, त्यांच्या आईनं त्यांची इतकी नोंद ठेवली नव्हती जितकी इंग्रजाच्या जेलरनं ठेवली. का? कारण ते पकडले जायलाच निघाले होते. त्या दिवशी पोलिसांनी सोडून दिलं असतं तर घरी येऊन रडले असते. सत्याग्रह्याला पोलीस लागतोच. तुझ्या आजेसासऱ्यांचं सगळं कसब कशात, तर न सापडण्यात. मग ते आता तरी कसे सापडतील?"

वहिनींनी सूप खाली ठेवलं.

"म्हंजे जे पकडले गेले त्यांचा कागद, अन् जे हुशार निघाले त्यांचा नुसता वारा?"

"पेन्शनचंही तसंच झालं," आजी म्हणाल्या. त्या शाळेत इतिहास शिकवत, त्यामुळे बोलता बोलता फळ्यावर लिहितात असं वाटतं. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, १५ ऑगस्ट १९७२ ला, केंद्राची पेन्शन सुरू झाली. ताम्रपटही तेव्हाचेच. सुरुवातीला महिना २०० रुपये. अट काय, तर निदान सहा महिने तुरुंग. बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तीन महिने. भूमिगत असाल तर तेही सहा महिने, पण ते सिद्ध करा. डोक्यावर इनाम लागलं होतं का, फरारी म्हणून जाहीर झालात का, घरदार जप्त झालं का, त्याचा कागद आणा. नसेल तर तुरुंग भोगलेल्या नामांकित सैनिकाकडून लिहून आणा की होय, हा आमच्यातला. "माझ्या वडिलांची सजा चार महिन्यांची. कागद सोळा आणे पक्का, पेन्शन नाही. त्यांना त्याचं काही वाटलं नाही, आईला वाटलं."

"अन् बीडकडं निघाले ते?" वहिनींनी बरोबर नस पकडली. बीड जिल्ह्यातलं बनावट स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण कोर्टाकचेऱ्यांत किती वर्षं गाजलं, ते आमच्या पिढीनं पेपरात वाचलेलं आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या वेळी जे पाळण्यात होते, त्यांनीही म्हणे निजामाशी दोन हात केले होते. खऱ्याला शिफारस मिळेना आणि खोट्याला कमी पडेना.

आता माझीही जीभ वळवळायला लागली. या दोघींच्या आजोबा-वडिलांपुढं आमच्या मालवणकरांचं काहीच नाही असं कसं चालेल?

"आमच्या मामंजींचा कागद होता," मी म्हटलं, "पण तो त्यांनीच लपवला."

हे वहिनींनाही नवीन होतं. इतकी वर्षं मी त्यांना आमच्याकडच्या फोडणीतल्या कोकमापर्यंत सगळं सांगितलं, हे सांगितलं नव्हतं, कारण आम्हालाच उशिरा कळलं. मामंजी नौदलात होते आणि "सोडली" एवढंच घरात माहीत. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या 'तलवार' या तळावर खलाशांनी संप केला. कारण ऐकायला किरकोळ, खराब जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्याच्या शिव्या. पण भिंतींवर 'जय हिंद' आधीच रंगवून झालं होतं. बघता बघता ७८ जहाजं आणि वीस हजारांवर खलाशी त्यात ओढले गेले. २१ तारखेला कॅसल बॅरेक्समध्ये गोळ्या झाडल्या गेल्या. २२ ला मुंबईचे गिरणी कामगार रस्त्यावर उतरले, परळला कमल दोंदे गोळीला बळी पडल्या. त्या दिवसांत शहरात दोनशेच्या वर माणसं मेली. वल्लभभाईंच्या सांगण्यावरून २३ ला संप मागं घेतला गेला आणि मग धरपकड झाली. चारशेहून जास्त खलाशांना नोकरीतून काढलं. आणि धरलेल्यांपैकी कित्येकांना कुठं नेऊन ठेवलं होतं? मुलुंडला, छावणीत!

"आपल्या मुलुंडला?"

"आपल्या मुलुंडला. आणि मामंजी आयुष्यभर मुलुंडच्या नातेवाइकांकडं जायला कां कू करायचे. आम्ही म्हणायचो, चुलत बहिणीशी पटत नाही."

त्यांच्या बडतर्फीच्या दाखल्यावर शेवटच्या रकान्यात सेवेची गरज उरली नाही अशा अर्थाचा शेरा होता. १९४७ साली लग्नाच्या बाजारात त्याचा अर्थ एकच, हाकलला. मालवणात कोण मुलगी देणार? म्हणून दाखला ट्रंकेच्या तळाशी अस्तराखाली गेला आणि मामंजी गोदीत चिकटले. पुढं सरकारनं नाविक बंड हासुद्धा स्वातंत्र्यलढा मानला, पेन्शनला पात्र केलं, कुलाब्याला स्मारकही झालं. कुणीतरी अर्ज करा म्हणालं. मामंजी म्हणाले, "डाळीत खडे होते म्हणून जेवलो नाही, त्याचे पैसे कसले मागायचे?" हे सासूबाईंनी मला ते गेल्यावर सांगितलं, तेही डाळ निवडताना.

"म्हंजे तुमचं घर गप, आमचं घर बडबडं," वहिनी म्हणाल्या. "अन् दोघांच्याबी हाताला काय न्हाई."

तसं अगदीच काही नाही असं नसतं. शोधायचं कुठं ते कळायला हवं. आजी एका नातवाला घेऊन फोर्टात काळ्या घोड्यापाशी राज्याच्या पुराभिलेखागारात जाऊन आलेल्या आहेत. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत ते दप्तर आहे, १८२१ सालापासून जपत आणलेलं. अर्ज भरा, ओळखपत्र दाखवा, यादीतून फाइल मागा आणि वाट बघा. स्वातंत्र्यलढ्याचा माणूस हवा असेल तर 'गृह खाते (विशेष)' असं म्हणायचं. पोलिसांचे अहवाल, गुप्त पत्रं, बंदी घातलेली पत्रकं त्यात. फाइल इंग्रजीत आणि नावं साहेबानं कानाला येतील तशी लिहिलेली. त्यातून भूमिगत माणूस स्वतःच्या नावानं वावरत नसे. एका गावात मास्तर, दुसऱ्यात गुरांचा व्यापारी. तेव्हा आडनाव घेऊन बसलात तर जन्मात सापडणार नाही. गाव धरा, तारीख धरा, प्रसंग धरा.

आणि गाव धरताना जिल्हा विसरा! ही आजींची सगळ्यात कामाची सूचना. वहिनींचं गाव वाळवा तालुक्यात, म्हणजे सांगली जिल्हा. पण त्या काळात तो सातारा. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली म्हणायला लागले. सांगलीच्या नावानं फाइल मागाल तर मिळेल सांगली संस्थान आणि पटवर्धनांचे हत्ती. शिवाय कृष्णा ओलांडून पलीकडं गेलं की कुंडल, तिथं इंग्रजांचं थेट राज्यच नव्हतं, औंध संस्थान होतं. पंतप्रतिनिधींनी आपल्या रयतेला स्वराज्याचे हक्क देऊन टाकलेले. फौजदार आला की नदी ओलांडायची, ही साताऱ्याकडची युक्ती त्यातूनच आली. पोलिसाला परवानगी मागत बसावं लागे, तोवर माणूस पसार. तेव्हा वाळव्यातल्या माणसाचा अर्धा माग इंग्रजी मुलखाच्या कागदात आणि उरलेला अर्धा संस्थानाच्या.

"याद्या छापल्यात की सरकारनं," मी म्हटलं. आहेत. राज्याच्या गॅझेटियर विभागानं स्वातंत्र्यसैनिकांचे चरित्रकोश काढले. दिल्लीच्या इतिहास परिषदेनं २०१९ साली हुतात्म्यांचा पाच खंडांचा कोश पुरा केला, साडेतेरा हजारांवर नावं. तिसरा खंड महाराष्ट्र, गुजरात आणि सिंधचा. वडूजला ९ सप्टेंबर १९४२ ला कचेरीवरच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या, त्यात परशुराम घार्गे पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला किर्लोस्करवाडीचे इंजिनिअर पंड्या पडले. अशांची नावं शोधायला कष्ट नाहीत, चौकाचौकात कोरलेली आहेत. मरण आलं तर दगडावर नाव, तुरुंग मिळाला तर कागदावर. आणि जो रात्री येऊन जेवून गेला, पहाटे निघून गेला आणि म्हातारा होऊन अंथरुणात मेला, त्याचं?

"त्याचं त्याच्या बायकोला म्हाईत," वहिनी म्हणाल्या.

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याही फायलीत मिळायचं नाही. त्यांच्या सासूबाईंनी ते आपल्या सासूकडून ऐकलेलं.

आजेसासरे आठ-पंधरा दिवसांनी एखाद्या रात्री यायचे, कधी एकटे, कधी सात-आठ जण घेऊन. घरात खाणारी तोंडं चार. आता मध्यरात्री वीस-पंचवीस भाकऱ्या करायच्या म्हणजे आधी ज्वारीचं पीठ हवं आणि पीठ म्हणजे जातं. जात्याचा आवाज लपत नाही. शेजारणीला घरघर ऐकून पायलीचा अंदाज येतो. चार माणसांच्या घरात पायलीचं दळण कशाला, ती सकाळी विचारणारच. तिच्या मनात काही नसेलही, पण ती पाणवठ्यावर बोलणार, पाणवठ्यावरून चावडीवर आणि चावडीवरून फौजदाराच्या कानावर. म्हणून आजेसासूबाई थोडं आपल्या घरी, थोडं नणंदेकडं, थोडं भावकीत असं तीन घरी दळायच्या. भाकऱ्या थापायच्या नाहीत, कारण परातीवर थापा वाजतात. दोन्ही तळव्यांच्या मध्ये फिरवून हातावरच करायच्या. चुलीचा उजेड दिसू नये म्हणून खिडकीला घोंगडी. आणि धुराचं काय? धुरासाठी म्हणे त्यांनी आजारी दिराला पुढं केलं. रात्री-अपरात्री शेक द्यावा लागतो, असं गावभर करून ठेवलं. दीर धडधाकट. तीन वर्षं बिचारा कण्हत बसला.

"हा दीर खरा स्वातंत्र्यसैनिक," आजी म्हणाल्या.

"गोठ्यातल्या वैरणीत काय होतं ते आजेसासूबाईंनी मरेपर्यंत सांगितलं न्हाई. नुसतं म्हणायच्या, वैरणीला हात लावला की पोरांना फटका द्यायची."

मी म्हटलं, हौसाताई पाटलांकडं आलं तसं कुणी विचारायला आलं असतं तर त्यांनीही सांगितलं असतं. क्रांतिसिंह नाना पाटलांची ही लेक. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर खोटं खोटं नवऱ्याचा मार खात रडली, पोलीस भांडण सोडवायला धावले आणि मागच्या मागं बंदुका गेल्या. त्या २०२१ सालापर्यंत जगल्या आणि सांगत्या राहिल्या, पी. साईनाथांसारखा पत्रकार विचारायला गेला, म्हणून आपल्याला कळलं. कॅप्टन भाऊही २०२२ पर्यंत होते. आता विचारायला फार थोडे उरलेत, आणि आपण लॉटरीच्या फॉर्मची वेळ आली की जागे होतो.

"तुमी एकदा टोमणा मारायला लागलात की थांबत न्हाई," वहिनी म्हणाल्या आणि मोबाइल आजींच्या पुढं केला.

आजींनी चष्मा बदलला. फोटो बोटांनी मोठा करायचा हे त्यांना नातवानं शिकवलंय, पण त्या बोट दाबून धरतात आणि फोटो भलतीकडंच पळतो. शेवटी मी मोबाइल धरला, त्या वाचत गेल्या. वरचा मजकूर बाळबोध, छापील नमुन्यातला. फौजदारी कायद्याची ८७ आणि ८८ ही कलमं, म्हणजे आधी माणूस फरारी म्हणून जाहीर करायचा आणि हजर झाला नाही की मालमत्तेवर जप्ती आणायची. खाली हातानं लिहिलेली मोडी. आजी एकेक ओळ सोडवत होत्या आणि वहिनी श्वास धरून उभ्या.

"तांब्याची घागर एक, पोचा आलेली. पितळी परात एक, फुटकी. घोंगडी दोन, जुनी. खोरं एक. लोखंडी तवा एक. जातं एक, खुंटा नसलेलं. बाज एक... बस्स. येणेप्रमाणे."

"एवढंच?"

"एवढंच. खाली पंच दोन, अंगठे. आणि ही पोलीस पाटलाची सही."

आजींनी सही वाचली, आधी नाव, मग आडनाव. वहिनींच्या चेहऱ्यावरचा रंग दोनदा बदलला.

"हे तर आमच्या सासूबाईंचे वडील!"

मला क्षणभर लागली नाही संगती. वहिनींनी समजावलं. सासूबाईंचं माहेर गावातलंच, वरच्या आळीचं, पाटलाचं. १९६२-६३ च्या सुमाराला या फरारी आजोबांच्या मुलाला त्यांनी आपली लेक दिली. म्हणजे ज्या हातानं घरावर जप्ती लिहिली, त्याच हातानं त्या घरात कन्यादान केलं. आणि वहिनींचे मिस्टर, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, जे दर पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली आजोबांचं नाव घेऊन भाषण करतात, ते एकीकडून फरारी माणसाचे नातू आणि दुसरीकडून सरकारच्या माणसाचे.

कागद काढायला गेलं की असं होतं. आपण मागतो एक आजोबा आणि दप्तर काढून देतं दोन. प्रतिसरकारच्या काळात गावचा पोलीस पाटील म्हणजे कात्रीत सापडलेला प्राणी. बातमी दिली तर रात्री तुफान सेनेची माणसं येणार, आणि नाना पाटलांच्या न्यायात तळपायाला कसली शिक्षा होती ते सातारा जिल्ह्यात शेंबडं पोरही सांगेल. बातमी नाही दिली तर फौजदार पट्टा काढणार, पाटीलकी जाणार. काही पाटील इंग्रजांचे निघाले, त्यांची फळं त्यांनी भोगली. काही दिवसा इंग्रजांचे आणि रात्री गावाचे राहिले. हे कुठल्या जातीचे होते?

"खबऱ्या होता म्हणायचा," वहिनी गळा दाटून आल्यासारख्या म्हणाल्या. "ह्यांना काय सांगू आता? यंदा पंधरा ऑगस्टला भाषणात काय, दोन्ही आजोबांचा जयजयकार?"

"थांब गं," आजी म्हणाल्या. त्या अजून यादीतच होत्या. "आजारी दीर शेकायला गौऱ्या लागत असतील ना?"

"मग!"

"गौऱ्या कुठून यायच्या?"

"घरच्याच. म्हैस होती की दुभती, पंढरपुरी. तिच्या तर गोष्टी सांगायच्या सासूबाई. फरारी माणसं आली की आजेसासूबाई आधी ताक द्यायच्या, मग भाकरी. दोन बैलंबी होते."

आजींनी चष्म्यावरून आमच्या दोघींकडं पाहिलं. मी मोबाइल पुन्हा जवळ धरला. घागर, परात, घोंगडी, खोरं, तवा, जातं, बाज. म्हशीचं नाव नाही, बैलांचं नाव नाही. वैरणीचा उल्लेख नाही, कणगीचा नाही, कणगीतल्या ज्वारीचाही नाही. सरकारी माणूस जप्तीला येतो तेव्हा पहिला हात कशाला घालतो? फुटक्या परातीला नक्कीच नाही.

"आता फौजदार तालुक्याहून घोड्यावरून येणार, म्हणजे निघाल्याची खबर आधी कुणाला लागते?" आजींनी वर्गात विचारावं तसं विचारलं.

"पाटलाला," आम्ही दोघी एकदम.

"म्हैस काय कुणी खिशात घालून नेली?"

वहिनींनी पदर खोचला. मघाचा रडवेला सूर कुठच्या कुठं गेला होता. सासूबाईंची धाकटी बहीण भांडुपला असते, ऐंशीच्या पुढची, कानानं कमी पण गावच्या गोष्टींना पक्की.

"लावते मावशींना फोन. पण विचारू काय? तुमचे वडील खबरे होते का, असं तोंडावर कसं विचारायचं?"

"तसं कशाला विचारतेस? नुसतं विचार, त्रेचाळीस साली तुमच्या गोठ्यात म्हशी किती होत्या. आणि त्यातली एक पंढरपुरी होती का."